खांद्यावरून भिंतीवर

रोव्हर थॉमसवरून मामांचं आणि माझं कधी एकमत झालेलं नाही. मामांनी आयुष्यभर शाळेत आणि नंतर कलामहाविद्यालयात चित्रकला शिकवली. मी गावोगाव जाऊन जात्यावरच्या ओव्या आणि लग्नातली गाणी ध्वनिमुद्रित करते. मामा लेकीकडे कॅनबेराला राहून आले तेव्हा तिथल्या नॅशनल गॅलरीत त्यांनी रोव्हरची चित्रं पाहिली. माझ्यापर्यंत तो आला तो गाणी मिळालेला माणूस म्हणून. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला किम्बर्ली नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे गोऱ्या मालकांची गुरं राखण्यात रोव्हरची उमेद गेली. पन्नाशीच्या आसपास तो रंगांकडे वळला आणि १९९८ साली गेला तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या सर्वात मोठ्या चित्रकारांत त्याची गणना होत होती. त्याचं मोठेपण नेमकं कशात, चित्रात की गाण्यात, हा आमचा वाद. तो इथे मांडते आहे. माझी बाजू ठरलेली आहे आणि ती मी लपवत नाही.

मामा: तू गाणं जरा बाजूला ठेव. आधी चित्र बघू. 'सायक्लोन ट्रेसी', १९९१ सालचं. रंग सगळे मातीचे: गेरू, पिवळी माती, पांढरी माती, काळा. मधून एक काळा पट्टा निघतो आणि रुंद होत होत जवळजवळ सगळं चित्र गिळायला निघतो. बाजूने लाल-पिवळे लहान प्रवाह येऊन त्याला मिळतात. कडांना पांढऱ्या ठिपक्यांची किनार. बस्स, एवढंच. त्यात घर नाही, झाड नाही, माणूस नाही. मी त्याच्यापुढे उभा राहिलो आणि हलवेना. शेजारची पाटी मी वाचलीही नव्हती. ते वादळ आहे हे माहीत नसताना मला ते अंगावर आल्यासारखं वाटलं. आता सांग, मला कुठलं गाणं लागलं?

मी: लागलं नाही, कबूल. पण मामा, त्या काळ्या पट्ट्याच्या मागे काय आहे ते ऐका. १९७४ च्या नाताळात डार्विन शहर एका रात्रीत उद्ध्वस्त झालं. साठाहून जास्त माणसं गेली, हजारो लोकांना विमानाने दुसऱ्या शहरांत न्यावं लागलं. उत्तर ऑस्ट्रेलियातलं गोऱ्यांच्या सत्तेचं ते मोठं ठाणं. किम्बर्लीतल्या वडीलधाऱ्यांनी त्याचा अर्थ लावला की पाण्याचा आणि पावसाचा धनी असलेला इंद्रधनुषी नाग रागावला आहे, आपण आपल्या रीती सोडत चाललो म्हणून त्याने ताकीद दिली आहे. तो काळा पट्टा हवामानखात्याच्या नकाशावरचा नाही. त्या समाजाने ती घटना ज्या नजरेने पाहिली, ती नजर त्यात आहे.

मामा: आणि गाणं?

मी: त्याच सुमारास टर्की क्रीकजवळ मोटारीच्या अपघातात रोव्हरच्या नात्यातली एक बाई जबर जखमी झाली. तिला विमानाने पर्थकडे नेत असताना ती वाटेतच गेली. विमान तेव्हा डर्बीच्या किनाऱ्याजवळ समुद्रातल्या एका भोवऱ्यावर होतं आणि तो भोवराही नागाचं ठिकाण मानला जातो. पुढे काही दिवसांनी त्या बाईचा आत्मा रोव्हरच्या स्वप्नात आला. आपण तिथून परत आपल्या मुलखाकडे कसे आलो, कुठे थांबलो, कोणत्या टेकडीवर कोण भेटलं, हे त्याने रोव्हरला सांगितलं. एकेका ठिकाणाचं एकेक गाणं दिलं. शेवटी कुनुनर्राजवळच्या टेकडीवरून त्या आत्म्याला दूर डार्विन उद्ध्वस्त झालेलं दिसलं. ही सगळी गाणी मिळून जी गाथा झाली तिचं नाव गुरीर गुरीर.

(त्या बाईचं नाव छापील पुस्तकांत सापडतं. पण गेलेल्या माणसाचं नाव उच्चारू नये ही तिकडच्या अनेक समाजांची रीत आहे. ती पाळायला मला काही अडचण नाही, म्हणून नाव लिहिलेलं नाही.)

मामा: म्हणजे हे सगळं १९७५ चं. अगं, मग तू याला वारसा कशी म्हणतेस? वारसा म्हणजे बापजाद्यांकडून आलेलं. इथे तर एका माणसाला मध्यमवयात स्वप्न पडतं, त्यात विमान आहे, मोटार आहे, आणि दोन-तीन वर्षांत त्याचा नाच बसतो. मला यात एका प्रतिभावंताची निर्मिती दिसते. त्याला परंपरेचं लेबल लावून तू त्याच्या प्रतिभेवर पाणी ओततेस.

मी: मामा, परंपरा गाण्यांची नसते फक्त. गाणी मिळण्याची सुद्धा परंपरा असते. किम्बर्लीत जूनबा नावाचा गाण्याचा आणि नाचाचा प्रकार आहे, चारचौघांत, बायकापोरांसकट सगळ्यांनी बघायचा. जूनबा कुणी बसून रचत नाही. मेलेल्या माणसाचा आत्मा स्वप्नात येऊन तो देतो. ज्याला मिळतो त्याने तो समाजापुढे ठेवायचा. वडीलधारी माणसं ऐकतात, त्यातली ठिकाणं बरोबर आहेत का, ती सांगायचा याला हक्क आहे का, हे तपासतात. पटलं तरच तो नाचला जातो. रोव्हरला मिळालेलं सगळं नवं होतं, पण ते मिळण्याची वाट जुनी होती आणि ते पारखणारी माणसंही त्या वाटेवरचीच होती. शिवाय एक गोष्ट लक्षात घ्या. रोव्हर मूळचा त्या भागातला नव्हता.

मामा: नव्हता?

मी: नाही. त्याचा जन्म पार दक्षिणेला वाळवंटात, कॅनिंग स्टॉक रूटच्या ३३ नंबरच्या विहिरीच्या आसपास. किम्बर्लीतली गुरं दक्षिणेच्या बाजारात हाकत न्यायला गोऱ्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही साडेअठराशे किलोमीटरची वाट काढली. तिच्यावर पन्नासच्या आसपास विहिरी खणल्या. पाणी कुठे आहे ते दाखवावं म्हणून तिथल्या माणसांना साखळदंडाने बांधून चालवलं. त्याची चौकशी सरकारलाही करावी लागली होती. त्या वाटेवर जन्मलेलं पोर लहानपणीच उत्तरेला आलं आणि गुराखी झालं. वार्मनला, म्हणजे टर्की क्रीकच्या वस्तीत, येऊन राहिला तेव्हा तो गिजा लोकांच्या मुलखात पाहुणा होता. आणि त्या पाहुण्याच्या स्वप्नातून त्या मुलखातली ठिकाणं गाण्यात आली. ती गिजा लोकांनी स्वीकारली, आपल्या अंगाखांद्यावर घेतली. वारसा तोंडातून तोंडात जातो, त्याला नेहमी रक्ताचंच नातं लागतं असं नाही.

इथे मामा थोडा वेळ गप्प राहिले. त्यांना हे पटलं की काय, मला कळेना. मग ते एकदम उठून आत गेले आणि कॅनबेराहून आणलेलं जाडजूड पुस्तक घेऊन आले.

मामा: हे बघ. हा डोंगर बाजूने दिसतो आहे, आपण समोर उभे राहून बघावा तसा. आणि ही वाट वरून दिसते आहे, घारीच्या नजरेने. एकाच चित्रात दोन्ही. आणि कुठेही डोळ्याला खटकत नाही. हे कुणी शिकवलं त्याला? मला विचारशील तर घोड्याने शिकवलं. हा माणूस कितीतरी वर्षं त्या जमिनीवरून गुरं हाकत हिंडला आहे. कुठल्या घळीत पाणी साठतं, कुठल्या कड्याला वळसा घालावा लागतो, सगळं त्याच्या अंगात मुरलेलं. त्या हिंडण्यातून हा अवकाश आला. यात मोठी रिकामी जागा सोडायची त्याची जी हिंमत आहे ना, ती मी माझ्या एकाही विद्यार्थ्यात पाहिली नाही. आम्ही मुलांना सांगून थकलो की कागद भरायचा नसतो.

मी: घोडा मान्य. पण घोड्यावरून हिंडलेले शेकडो गुराखी होते आणि तो अवकाश चित्रात आला तो फळ्यांवरून. गुरीर गुरीरच्या नाचात प्रत्येक ठिकाणाच्या गाण्याला एक रंगवलेली फळी असते. प्लायवूडची, वर मातीचे रंग आणि ते धरून राहावेत म्हणून झाडाचा डिंक. नाचणारे ती मानेमागे दोन्ही खांद्यांवर आडवी घेतात, हातांनी धरतात, आणि एकामागून एक पुढे येतात. गाणारे बाजूला बसून ठेका धरतात. फळी येते, तिचं गाणं होतं, फळी जाते. मामा, लांबून, रात्री, शेकोटीच्या उजेडात, हलत्या माणसाच्या खांद्यावर जे चित्र ओळखू यायला हवं, त्यात बारीकसारीक तपशील चालेल का? मोठा आकार हवा. दोनतीन रंग हवेत. आणि कडेला पांढरे ठिपके, उजेड पकडणारे. तुम्ही ज्याला हिंमत म्हणता, ती मला नाचाची गरज वाटते.

मामा: आणि त्या फळ्या रोव्हरने रंगवल्या?

मी: सुरुवातीच्या बहुतेक पॅडी जामिंजी यांनी, त्याच्या नात्यातल्या वडीलधाऱ्या माणसाने. रोव्हर सांगायचा, जामिंजी रंगवायचे. स्वतः रोव्हर नेमाने रंगवू लागला तो १९८० च्या पुढे. पर्थच्या मेरी माचा या बाई आदिवासींच्या कलावस्तूंच्या विक्रीचं काम बघत होत्या. त्यांनी त्या फळ्यांची किंमत ओळखली, नव्या करून मागितल्या, पुढे कॅनव्हासही आले.

मामा: झालं! तुझ्याच तोंडून आलं. ज्या दिवशी त्याने नाचासाठी नसलेली पहिली फळी रंगवली, त्या दिवशी तो चित्रकार झाला. त्याला ठाऊक होतं की ही खांद्यावर जाणार नाही, भिंतीवर जाणार. तरी तो पुढची पंधराएक वर्षं रंगवत राहिला आणि त्याची सर्वोत्तम चित्रं त्याच काळातली आहेत. १९९० मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या जागतिक कलाप्रदर्शनात ट्रेव्हर निकल्स आणि रोव्हर ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधी म्हणून गेले, तिथे पोचलेले पहिले आदिवासी चित्रकार. त्याच सुमाराला कॅनबेराच्या गॅलरीत तो मार्क रॉथ्को या अमेरिकन चित्रकाराच्या एका मोठ्या चित्रापुढे थबकला आणि म्हणाला की माझ्यासारखं रंगवणारा हा बेटा कोण. ही गोष्ट तिकडे सगळे सांगतात. नीट ऐक, मी याच्यासारखं रंगवतो असं तो म्हणाला नाही. हा माझ्यासारखं रंगवतो, असं म्हणाला. रॉथ्कोच्या चित्राचं गाणं त्याने विचारलं नाही. एका चित्रकाराने दुसऱ्याला डोळ्यांनी ओळखलं. याहून मोठा पुरावा मला नको.

मला हा मुद्दा आजही खोडता येत नाही. रॉथ्कोपुढे उभा राहिलेला तो म्हातारा गुराखी माझ्या डोळ्यांपुढे येतो तेव्हा त्याने तिथे जे पाहिलं ते निव्वळ रंग आणि आकार होते हे मान्यच करावं लागतं. पण मामा तिथेच थांबले नाहीत. पुढे ते जे म्हणाले, त्यात त्यांच्या मनातली खरी कळकळ होती.

मामा: तू या वादाकडे नीट बघत नाहीस. तुला वाटतं मी गाणं तोडून टाकतो आहे. अगं, या लोकांच्या चित्रांना शंभर वर्षं नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात ठेवलं, भाले आणि टोपल्यांच्या शेजारी. पाटीवर लिहायचे: अमुक टोळी, तमुक विधी. करणाऱ्याचं नाव नाही. विधीचा अर्थ चारचार ओळींत समजावून द्यायचा आणि माणूस विसरायचा. त्या कपाटातून बाहेर पडून रॉथ्कोच्या शेजारच्या भिंतीवर यायला किती वेळ लागला! आणि आता तू म्हणतेस की त्या भिंतीवर पुन्हा विधीची पाटी लाव. पाटी आली की लोक वाचतात, बघत नाहीत. मी शाळेच्या सहलींत पाहिलं आहे, मुलं पाटी उतरवून घेतात आणि पुढे जातात. रोव्हरला नुसतं बघितलं जाऊ दे. हा त्याचा मान आहे.

मी: मामा, करणाऱ्याचं नाव नसलेली पाटी मलाही नको. पण 'बेडफर्ड डाउन्स'चं चित्र आठवा. १९८५ सालचं. तपकिरी, काळे, शांत आकार. पाटी न वाचता बघणाऱ्याला काय दिसेल? सुंदर तपकिरी रंग. तिथे काय झालं? १९२० च्या दशकात बेडफर्ड डाउन्स नावाच्या गुरांच्या मळ्यावर एक बैल मारल्याच्या संशयावरून गिजा पुरुषांना लाकडं तोडायला नेलं. लाकडं तोडून झाल्यावर त्यांना जेवायला दिलं. त्या जेवणात स्ट्रिक्नीन कालवलं होतं, कुत्री-लांडग्यांना घालायचं विष. मग त्यांनीच तोडलेल्या लाकडांवर त्यांचे मृतदेह जाळले. कोणावर खटला चालला नाही. कोणत्या सरकारी दप्तरात त्यांची नावं लिहून ठेवली गेली नाहीत. मग ही हकीकत टिकली कशी? गाण्यात. त्या घटनेचा जूनबा झाला आणि गिजा लोक तो गात राहिले, नाचत राहिले, तेही त्याच मळेवाल्यांच्या नोकरीत असताना. २००२ साली मेलबर्नच्या महोत्सवात त्यांनी तो 'फायर, फायर बर्निंग ब्राइट' या नावाने रंगमंचावर आणला, तेव्हा शहरातल्या लोकांनीही तो पाहिला. रोव्हरचं चित्र त्या गाण्याच्या शेजारी बसणारं आहे. गाणं काढून घेतलंत तर खून झाल्याचं कळणारच नाही. बघणाऱ्याला छान वाटेल. आणि छान वाटणं, मामा, त्या चित्रापुढे अपराध आहे.

मामा: (बऱ्याच वेळाने) त्याने रक्त का नाही रंगवलं मग? एकही प्रेत नाही.

मी: तुम्हीच सांगा. तुम्ही चित्रकार.

मामा: कारण तो जमीन रंगवतो. जे झालं ते जमिनीवर झालं आणि जमीन अजून तिथेच आहे. माणसं मेली, मारणारे मेले, डोंगर आहे. प्रेत रंगवलं असतं तर ती एक दिवसाची घटना झाली असती. त्याने ती जागा रंगवली. आणि त्या जागेला शांत ठेवलं, म्हणून ती जास्त भयानक आहे. पण हो... हे मी आत्ता बोलतो आहे ते तू सांगितल्यावर. नुसत्या बघण्यातून हे मला कळलं नव्हतं. मी गॅलरीत त्या चित्रावरून सरळ पुढे गेलो होतो.

हे ते इतक्या साधेपणाने म्हणाले की मला पुढे बोलायचं होतं ते सगळं क्षणभर थांबलं.

पण मग मीही त्यांना सांगितलं की त्यांच्यामुळे मला एक दिसलं. गाण्याची मी एवढी बाजू घेते, पण गाणं ज्याला माहीत आहे त्याच्यासाठीच ते बोलतं. गुरीर गुरीरची गाणी मी ऐकली तरी मला एक शब्द कळत नाही. मला रोव्हरच्या मुलखाची ओढ लागली ती चित्राच्या छापील फोटोवरूनच. परक्याला दारातून आत घेण्याचं काम चित्राने केलं. दारातून आत गेल्यावर तिथेच उभं राहायचं की पुढे जायचं, एवढाच प्रश्न उरतो.

मामा: आणि पैसा? त्याबद्दल तू बोलतच नाहीस. २००१ साली लिलावात त्याचं एक चित्र...

मी: 'ऑल दॅट बिग रेन कमिंग फ्रॉम टॉप साइड'. सदबीजच्या लिलावात ७,७८,७५० ऑस्ट्रेलियन डॉलरना गेलं. नॅशनल गॅलरीनेच घेतलं. आदिवासी चित्राला तोवर एवढी किंमत आली नव्हती. रोव्हर जाऊन तीन वर्षं झाली होती. चित्र त्याने आधीच विकलेलं असल्यामुळे त्या रकमेवर त्याच्या माणसांचा कायद्याने काही हक्क नव्हता. चित्र पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना पाच टक्के द्यायचे हा कायदा ऑस्ट्रेलियात लागू झाला २०१० मध्ये. आणि ज्या गुराख्याच्या चित्राला एवढे पैसे आले, त्या पिढीच्या मजुरीचा हिशेब बघा. पीठ, चहा, साखर, तंबाखू, अंगावरचे कपडे. १९६० च्या दशकाच्या अखेरीला आदिवासी गुराख्यांना गोऱ्यांइतका पगार द्या असा निवाडा लागू झाला, तर मळेवाल्यांनी पगार देण्यापेक्षा माणसंच हाकलली. पिढ्यान्पिढ्या आपल्याच जमिनीवर राबणारी कुटुंबं रस्त्यावर आली. वार्मन ही वस्ती त्या हाकललेल्या माणसांनी उभी केली. गुरीर गुरीर तिथे जन्मला. घर गेलं, काम गेलं, गुरं गेली. अशा वेळी त्या वस्तीला पुन्हा एकत्र आणणारं काहीतरी हवं होतं. ते स्वप्नातून आलं.

मामा: म्हणजे चित्रकार तयार झाले ते बेकारीतून, असं म्हण.

मी: असं मी म्हणणार नाही. पण एकटा रोव्हर नव्हता, हे नक्की. क्वीनी मॅकेन्झी घ्या. टेक्सस डाउन्सच्या मळ्यावर ती स्वयंपाकीण होती, गुराख्यांच्या तळावर रांधायची. तरुणपणी रोव्हरला घोड्याची लाथ बसली आणि डोक्याची कातडी सोलून निघाली. दवाखाना कुठे, कोसच्या कोस दूर. क्वीनीने सुईदोरा घेतला आणि त्याचं डोकं शिवून काढलं. तो जगला. म्हातारपणी त्याने तिला रंगवायच्या वाटेला लावलं आणि तीही नावाजलेली चित्रकार झाली. तिच्या गुलाबी-जांभळ्या डोंगरांच्या रांगा मला फार आवडतात. दोघं १९९८ सालीच गेली, काही महिन्यांच्या अंतराने. या माणसांनी एकमेकांना नुसतं वाचवलं नाही, एकमेकांना चित्रकारही केलं. गॅलरी एकट्या रोव्हरचं नाव मोठ्या अक्षरांत लावते तेव्हा ही सगळी मंडळी मागे राहतात.

मामांना क्वीनीची हकीकत माहीत नव्हती. त्यांनी ती मला पुन्हा सांगायला लावली, शिवलेल्या डोक्याची. आणि मग बोलणं आपोआप आपल्याकडे वळलं, कारण मामांच्या तरुणपणीच इथे असंच काही घडत होतं.

मामा: १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या बाजूला जाऊन वारल्यांना कागद आणि रंग देत होते. जिव्या सोमा म्हसे तेव्हाच पुढे आले. तोवर ते चित्र म्हणजे लग्नाचा चौक, सवाशिणींनी भिंतीवर काढायचा. पुरुषाने काढायचं ते कामच नव्हतं. म्हणजे काळ तोच, उलथापालथ तीच. आणि १९८९ मध्ये पॅरिसला 'माजिसियाँ द ला तेर' नावाचं जे मोठं प्रदर्शन भरलं, त्यात म्हसे होते आणि ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या युएन्डुमू वस्तीतले चित्रकारही होते. त्यांनी तिथे जमिनीवर मातीचं मोठं चित्र मांडलं होतं. एकाच प्रदर्शनात, बघ.

मी: आणि तो चौक लिहिला जात असताना लग्नविधी करणारी बाई, धवलेरी, गात असते. देवीला बोलावल्याशिवाय चौक पुरा होत नाही. म्हशांची चित्रं जगभर गेली, पद्मश्री मिळाली, वारली नक्षी आता बेडशीटवर आहे, चहाच्या कपावर आहे, सरकारी कुंपणांच्या भिंतींवर आहे. धवलेरीचं गाणं किती जणांनी ऐकलं? मी ज्या गावांत गेले तिथे धवलेरी म्हाताऱ्या झाल्या आहेत आणि शिकायला पोरी येत नाहीत. चित्र बाहेर गेलं, त्याला पैसे आले, ते शिकायला मुलं आली. गाणं मागे राहिलं. म्हणून मी भांडते, मामा. रोव्हरच्या बाबतीत भांडते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे त्या बायका असतात.

मामा: तर मग हे आधी सांगायचंस.

वाद मिटला असं मी म्हणणार नाही. रोव्हरचं चित्र स्वतःच्या बळावर उभं राहतं, हे मामांचं म्हणणं खरं आहे आणि ते त्यांनी सोडलेलं नाही. पाटीवर विधी नको, माणूस हवा, हेही त्यांचं म्हणणं मी आता माझं मानते. पण ज्या गॅलरीने, ज्या खरेदीदाराने ते चित्र भिंतीवर नेलं, त्याच्यावर त्या ठिकाणाचं, त्या गाण्याचं आणि फळी रंगवणाऱ्या प्रत्येक हाताचं नाव सांगण्याची जबाबदारी येते. ती सुशोभनाची बाब नाही, ते देणं आहे. आपल्याकडेही वारली चित्र विकत घेणाऱ्याने ते कोणी काढलं हे विचारावं, त्या गावात धवलेरी आहे का हे विचारावं, आणि असली तर तिचं गाणं ऐकायला जावं. तिच्या दाराशी कोणी आलं तर ती गाते, हा माझा अनुभव आहे.

वार्मनबद्दल शेवटचं एक. तिथल्या वडीलधाऱ्यांनी गावच्या शाळेतल्या मुलांना शिकवायला म्हणून चित्रं आणि कोरीव वस्तू केल्या होत्या, त्यात रोव्हरची आणि क्वीनीचीही कामं होती. बाजारासाठी नव्हे, पोरांना आपला मुलूख, आपली गाणी, आपल्या गोष्टी कळाव्यात म्हणून. मार्च २०११ मध्ये नदीला पूर आला, अख्खं गाव पाण्याखाली गेलं आणि हा संग्रहही भिजला, चिखलात गेला. तो मेलबर्नच्या विद्यापीठात नेऊन तज्ज्ञांनी एकेक वस्तू साफ केली, दुरुस्त केली. मोठ्या शहरातल्या कोणत्याही संग्रहालयाने तो आनंदाने ठेवून घेतला असता. २०१३ साली तो वार्मनला परत गेला.